६७४ : फ्लोरिडातील एका निनावी कबरीचा इतिहास (धागा)

१६ सप्टेंबर १९२८, रविवार. संध्याकाळी अमेरिकेतील फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर, पाम बीचजवळ, एक प्रचंड चक्रीवादळ धडकले. पुढील दोन दिवसांतील बहुतेक बातम्या किनाऱ्याच्या होत्या: धनिकांच्या हॉटेलांची उडालेली छपरे, उन्मळलेली ताडाची झाडे, बुडालेल्या नौका. तिथून साठ-पासष्ट किलोमीटर आत, ओकीचोबी नावाच्या तलावाच्या दक्षिण काठावर काय घडले आहे, हे बाहेरच्या जगाला कळण्यास काही दिवस लागले. तोवर तिथे दोन हजारांहून अधिक माणसे मरून पडली होती. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय शेतमजूर होते.

अमेरिकेच्या इतिहासात याहून अधिक बळी घेणारे चक्रीवादळ एकच, १९०० साली टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन शहर उद्ध्वस्त करणारे. तरीही सामान्य अमेरिकन वाचकाला ओकीचोबीचे नाव फारसे ठाऊक नसते. हे विस्मरण कसे घडले, हाच या धाग्याचा विषय आहे. वादळाने माणसे मारली हे खरे. परंतु कोण मरणार, कुणाला शवपेटी मिळणार आणि कुणाची गणती होणार, हे बऱ्याच अंशी वादळापूर्वीच ठरून गेले होते.

आधी भूगोल पाहू. ओकीचोबी हा सुमारे १,९०० चौरस किलोमीटरचा विस्तीर्ण, पण अत्यंत उथळ तलाव आहे. त्याची सरासरी खोली तीन मीटरसुद्धा भरत नाही. पूर्वी पावसाळ्यात तो दक्षिणेकडे आपोआप ओसंडून वाहत असे आणि ते पाणी लव्हाळ्यांतून संथपणे सरकत समुद्राकडे जाई. याच ओलसर गवताळ प्रदेशाला एव्हरग्लेड्स म्हणतात. शतकानुशतके कुजलेल्या वनस्पतींची काळीभोर माती तिथे साचलेली होती.

ही माती उघडी पडली तर सोने पिकेल, हे स्वप्न विकणारे राजकारणी फ्लोरिडात अनेक झाले. नेपोलियन बोनापार्ट ब्रॉवर्ड (हे खरोखरचे नाव आहे) १९०५ साली राज्यपाल झाले, तेच मुळी एव्हरग्लेड्सचे पाणी काढून देण्याच्या आश्वासनावर. कालवे खणले गेले, जमिनीचे तुकडे पडले, देशभर जाहिराती झळकल्या. तलावाच्या दक्षिण काठावर बेल ग्लेड, पहोकी, साउथ बे, चोझन अशी गावे उभी राहिली. पाणी अडवण्यासाठी बांध घातला गेला, तोही त्याच भुसभुशीत काळ्या मातीचा, पुरुषभर किंवा थोड्या अधिक उंचीचा. म्हणजे ज्या मातीला पाण्यापासून वाचवायचे, तिचाच बांध पाण्याला अडवणार होता.

या गावांत जमिनीचे मालक गोरे आणि राबणारे हात काळे. फरसबी, टोमॅटो, मिरची, ऊस यांच्या लावणी-तोडणीसाठी जॉर्जियापासून बहामा बेटांपर्यंत ठिकठिकाणचे मजूर हंगामापुरते येत. शेतालगतच्या फळकुटांच्या खोपटांत त्यांचा मुक्काम असे. त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नसत. मुकादमाला टोपणनाव ठाऊक असले म्हणजे पुरे. पुष्कळांना त्यांच्या सोबत्यांनीही खरे नाव कधी विचारले नसेल.

आणि हा फ्लोरिडा कोणता, हेही ध्यानात ठेवायला हवे. १९२० साली ओकोई येथे मतदानाच्या हक्कावरून कृष्णवर्णीय वस्ती जाळण्यात आली. १९२३ च्या जानेवारीत रोझवूड हे कृष्णवर्णीयांचे गाव जमावाने बेचिराख केले. भटकेपणाविरुद्धच्या कायद्यांखाली बेकार काळ्या माणसाला रस्त्यावरून उचलून कामाला जुंपता येत असे. शाळा, दवाखाना, रेल्वेचा डबा आणि स्मशान, सगळे वेगळे. ज्याला ‘जिम क्रो’ व्यवस्था म्हणतात, ती इथे दक्षिणेतील अन्य कोणत्याही राज्याइतकीच घट्ट होती. पर्यटकांना दाखवल्या जाणाऱ्या चित्रमय पत्रकांत मात्र ऊन, संत्री आणि समुद्र एवढेच असे.

इशारा मिळाला नव्हता असेही नाही. सप्टेंबर १९२६ मध्ये मायामीवर आलेल्या वादळाने याच तलावाचा बांध मूर हेवन गावाजवळ फोडला होता. शंभरांहून अधिक माणसे बुडून मेली. त्यानंतर दोन वर्षे बांध उंच करण्याची चर्चा चालली. पैसा कुणी द्यायचा, तलावाची पातळी किती ठेवायची, कालव्यांच्या कराचे काय, अशा वादांत ती अडकली. शेतकऱ्यांना कोरड्या दिवसांत सिंचनासाठी तलाव भरलेला हवा होता. काठावरच्या वस्तीला तो रिता हवा होता. निर्णय झाला नाही. १९२८ चा उन्हाळा अतिवृष्टीचा गेला आणि सप्टेंबरात तलाव काठोकाठ भरला.

ते वादळ फ्लोरिडात पोहोचण्यापूर्वीच कुप्रसिद्ध झाले होते. १२ सप्टेंबरला त्याने ग्वादलूप बेट झोडपले. तिथे हजाराहून अधिक लोक दगावले. १३ तारखेला ते पोर्तो रिकोवर गेले. तो संत फिलिपचा दिवस. १८७६ साली नेमक्या याच तिथीला तिथे एक वादळ आले होते, म्हणून पोर्तो रिकोच्या इतिहासात हे ‘दुसरे सान फेलिपे’ ठरले. शेकडो मृत्यू आणि लाखो बेघर, असा त्याचा तिथला हिशेब. ओकीचोबीच्या मृतांबद्दल लिहिताना या बेटांवरील मृत बहुधा तळटीपेत जातात. मृत्यूंची ही उतरंड वादळाइतकीच जुनी आहे.

रविवारी सकाळी तलावाकाठी धोक्याची सूचना पोहोचली. पुष्कळ लोक उंच जागी गेलेही. पण अपेक्षित वेळी वादळ आले नाही. आकाश पुन्हा जरा शांत वाटले, इशारा खोटा ठरला असे समजून अनेकजण दुपारी घरी परतले. खरे तर वादळाला केवळ उशीर झाला होता.

रात्री उत्तरेचा वारा तलावावर चढला. एवढ्या उथळ तलावात वारा पाण्याला ढकलतो तेव्हा पाणी खाली जिरत नाही, ते पुढे साचत जाते. बशी तिरकी केल्यावर चहा एका काठाशी यावा तसे. दक्षिण काठावर पाण्याची भिंत उभी राहिली आणि मातीचा बांध ठिकठिकाणी विरघळला. काळोखात, पावसात, माणसाच्या डोक्यावरून जाणारे पाणी शेकडो चौरस किलोमीटरवर पसरले. घरे पायासकट उचलली गेली. बेल ग्लेडमधील दोन हॉटेलांच्या पक्क्या इमारतींत आणि साउथ बे येथे कालव्यातील तराफ्यांवर शेकडो लोक तगले. उघड्या शेतातील खोपटाला ना पाया होता, ना माळा. वादळाचा मध्य पुढे सरकल्यावर वारा उलटा फिरला आणि तेच पाणी उत्तर काठावर जाऊन आदळले. पुराचे पाणी कित्येक आठवडे शेतांत उभे होते.

यापुढचा भाग इतिहासाच्या विद्यार्थ्याने विशेष सावकाश वाचावा असा आहे.

सप्टेंबरचे ऊन, साचलेले पाणी आणि हजारो प्रेते. रोगराईच्या भीतीने ती तातडीने हलवणे भाग होते. हे काम कुणी करायचे? रस्त्यावर दिसणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषांना बंदुकीच्या धाकाने पकडून कामाला लावण्यात आले. त्यांत स्वतःच्या बायकामुलांचा शोध घेत फिरणारेही होते. नकार देण्याची मुभा नव्हती. वेस्ट पाम बीचमध्ये काम सोडून निघालेल्या एका कृष्णवर्णीय माणसाला नॅशनल गार्डच्या जवानाने गोळी घातली, तो मेला. चौकशी झाली आणि गोळीबार समर्थनीय ठरवण्यात आला. म्हणजे वादळ सरल्यानंतरही मृतांच्या यादीत भर पडत होती. फक्त हे मृत्यू त्या यादीत लिहिले जात नव्हते.

शवपेट्या अपुऱ्या होत्या. त्या गोऱ्या मृतांसाठी राखून ठेवण्यात आल्या. पाण्यात फुगून काळवंडलेल्या देहाचा वर्ण ओळखणे अनेकदा अशक्य होते. तरीही ही वर्गवारी नेटाने केली गेली. व्यवस्था किती मुरलेली होती याची कल्पना यावरून येते. गोरे ठरलेले देह पेट्यांत गेले. उरलेल्यांवर चुना टाकण्यात आला, त्यांचे ढीग करण्यात आले. काही दिवसांनी तर जागच्या जागी तेल ओतून प्रेते जाळणे सुरू झाले, कारण ती हलवण्याच्या अवस्थेत राहिली नव्हती.

वेस्ट पाम बीच शहरात दोन दफनस्थळे वापरली गेली. वुडलॉन हे शहराचे प्रतिष्ठित कब्रस्तान, रेल्वेसम्राट हेन्री फ्लॅग्लर यांनी वसवलेले. तिथल्या सामूहिक कबरीत ६९ देह पुरले गेले, बहुतांश गोऱ्यांचे. तिथे स्मारकशिलाही लागली. दुसरे टॅमरिंड अव्हेन्यू आणि पंचविसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचे, निराधारांसाठी राखलेले मोकळे मैदान. तिथे एक मोठा खड्डा खणून ६७४ देह टाकण्यात आले, जवळपास सर्व कृष्णवर्णीयांचे. तिथे काहीही लावले गेले नाही. याखेरीज तलावाजवळ पोर्ट मायाका येथे सुमारे १,६०० जणांची आणखी एक सामूहिक कबर झाली.

३० सप्टेंबर रोजी शहराने तासभर शोक पाळला. निराधारांच्या त्या मैदानावर सुमारे तीन हजार लोक जमले. महापौरांचे शोकपत्रक तिथे वाचून दाखवले ते मेरी मॅक्लिओड बेथ्यून यांनी. डेटोना येथे कृष्णवर्णीय मुलींसाठी १९०४ साली शाळा काढणाऱ्या, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सल्लागारवर्तुळात पोहोचलेल्या या शिक्षणतज्ज्ञ. तो शोक खोटा होता असे म्हणता येणार नाही. पण शोकसभा झाली आणि कबर निनावीच राहिली, ही दोन्ही विधाने एकाच शहराविषयी खरी आहेत.

मदतवाटपाबाबतही तक्रारी उठल्या. रेड क्रॉसने कृष्णवर्णीय पुढाऱ्यांची एक सल्लागार समिती नेमली; आदल्या वर्षीच्या मिसिसिपी नदीच्या महापुरानंतरही असाच उपाय योजला गेला होता. मात्र अशा समित्यांची अडचण उघड होती. ज्या संस्थेकडून अन्न, कपडे आणि लाकूड यायचे, तिच्याविरुद्ध कडक भाषेत अहवाल लिहिणे कितपत शक्य होते? शिवाय नुकसानभरपाईची कल्पनाच मालमत्तेशी बांधलेली असते. ज्याचे घर वाहून गेले त्याला घर उभारायला मदत मिळू शकते; पण ज्याचे खोपट मालकाचे, जमीन मालकाची आणि पीकही मालकाचे, त्याने गमावले ते नेमके काय? नोंदीच्या भाषेत त्याचे उत्तर ‘काही नाही’ असे येते.

मृतांचा अधिकृत आकडा ठरला १,८३६. कित्येक दशके पुस्तकांतून तोच छापला जात होता. तो ज्या पद्धतीने आला तीच त्याची मर्यादा होती. हरवल्याची नोंद करायला कुणीतरी मागे उरावे लागते. संपूर्ण कुटुंबेच वाहून गेली तिथे नोंद कोण करणार? हंगामी मजुराचा शोध घ्यायला बहामातील त्याचे आईवडील येणार नव्हते. लव्हाळ्यांच्या पट्ट्यात वाहून गेलेले देह सापडलेच नाहीत. पुढे अनेक वर्षे नांगराच्या फाळाला हाडे लागत राहिली. अखेर २००३ साली, वादळाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राने आकडा बदलून ‘किमान २,५००’ असा केला. त्यातील ‘किमान’ हा शब्द आकड्याहून महत्त्वाचा आहे.

वादळानंतरची सरकारी कृती मात्र कमी नव्हती. नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर १९२९ च्या फेब्रुवारीत येऊन पाहणी करून गेले. १९३० च्या दशकात लष्कराच्या अभियंता विभागाने तलावाकाठी भक्कम बांध उभारला; पुढे तो वाढत जाऊन त्याने तलावाला जवळपास संपूर्ण वेढा घातला. आज त्याची लांबी सुमारे २३० किलोमीटर असून त्याला हूवर यांचेच नाव आहे. बांधामुळे माणसे वाचली, हे निःसंशय. बांधामागची जमीन सुरक्षित झाली, तिचा भाव वाढला आणि १९३१ साली स्थापन झालेल्या युनायटेड स्टेट्स शुगर कॉर्पोरेशनसारख्या कंपन्यांचे उसाचे मळे दूरवर पसरले, हेही तितकेच निःसंशय.

मजुराचे काय झाले? १९४२ साली अमेरिकेच्या न्याय विभागाने याच साखर कंपनीवर कृष्णवर्णीय मजुरांना वेठबिगारीत डांबण्याच्या कटाचे आरोपपत्र दाखल केले. ज्यूरीच्या निवडीतील दोषाच्या कारणावरून ते रद्दबातल झाले. खटला कधी चाललाच नाही. १९४३ साली बहामाशी करार होऊन तिथले मजूर अधिकृतपणे आणले जाऊ लागले. १९६० च्या नोव्हेंबरात, कृतज्ञता दिनाच्या दुसऱ्या दिवशी, सीबीएस वाहिनीने शेतमजुरांवरचा ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ हा माहितीपट दाखवला. सणाच्या जेवणाने सुस्तावलेल्या अमेरिकेला त्यात पहाटेच्या अंधारात ट्रकांत कोंबले जाणारे मजूर दिसले. ते चित्रण बेल ग्लेडमधलेच होते. पाणी येऊन गेले, बांध उभा राहिला, बत्तीस वर्षे लोटली. रोजंदारीची रांग तिथेच होती.

या वादळाची स्मृती टिकवली ती मुख्यतः एका कादंबरीने. झोरा नील हर्स्टन या फ्लोरिडातील ईटनव्हिल या कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या गावात वाढलेल्या लेखिका, शिक्षणाने मानववंशशास्त्रज्ञ. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ या कादंबरीचा नायक वादळानंतर बंदुकीच्या धाकाने प्रेते पुरायला नेला जातो, आणि शवपेट्यांसाठी गोरे-काळे निवडण्याचा हुकूम त्याला मिळतो. कागदपत्रांनी जे टाळले ते ललित लेखनात आले. अर्थात कादंबरीला पुरावा मानण्यात धोका असतो. परंतु वाचलेल्यांच्या पुढे नोंदवलेल्या आठवणी तिच्याशी जुळतात. त्या काळी पुस्तकाचे स्वागत थंडच झाले. १९६० साली हर्स्टन यांचे फ्लोरिडातच दारिद्र्यात निधन झाले आणि त्यांच्याही कबरीवर दगड नव्हता. १९७३ साली लेखिका ॲलिस वॉकर तिथे गेल्या आणि त्यांनी तो बसवला.

टॅमरिंड अव्हेन्यूवरच्या मैदानाचे नशीब त्याहून वाईट होते. कुंपण नाही, पाटी नाही. शहराने ती जमीन विकली, ती हातोहात फिरली, रस्ता वाढवताना तिचा काही भाग रस्त्याखाली गेला. शेजारच्या कृष्णवर्णीय वस्तीतील म्हाताऱ्या माणसांना मात्र तिथे काय आहे ते ठाऊक होते. शहर विसरले असे लिहिण्याची पद्धत आहे. वस्तुतः शहराचा एक भाग विसरला आणि दुसऱ्याला विसरणे परवडणारे नव्हते. १९९१ साली तिथे आफ्रिकन परंपरेनुसार मृतांसाठी विधी करण्यात आला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्थानिक रहिवाशांनी स्मारकासाठी संघटना उभी केली, पाठपुरावा केला, आणि २००० साली शहराला आपलीच विकलेली जमीन परत घ्यावी लागली. २००२ मध्ये ती ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत दाखल झाली. पुढच्या वर्षी फलक लागला.

दोनच वर्षांनी, २९ ऑगस्ट २००५ रोजी, कॅटरिना वादळ आले. न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला, आणि मोटार नसल्याने शहर सोडू न शकलेली, बहुसंख्य कृष्णवर्णीय माणसे छपरांवर, सुपरडोम क्रीडागारात, पुलांवर अडकलेली साऱ्या जगाने दूरचित्रवाणीवर पाहिली. तेव्हा अनेकांना हे सारे अभूतपूर्व वाटले.

या दोन घटनांना जोडणारा एक धागा सहसा नजरेतून सुटतो. १९२७ च्या मिसिसिपी महापुरानंतर अमेरिकन संसदेने पूरनियंत्रण कायदा केला; त्यावर राष्ट्राध्यक्ष कूलिज यांची सही झाली १५ मे १९२८ रोजी, ओकीचोबीच्या आधी चार महिने. संघराज्य सरकार आता बांध बांधण्याची जबाबदारी घेईल, असे त्यात ठरले. त्याच कायद्यात एक कलम होते: पुराने कुठेही झालेल्या नुकसानीबद्दल संघराज्य सरकारवर दायित्व येणार नाही. बांध सरकारचा, तो फुटला तर नुकसान ज्याचे त्याचे.

न्यू ऑर्लिन्समधील कालव्यांच्या भिंती अभियंता विभागाच्या सदोष आराखड्यामुळे कोसळल्या, हे त्या विभागाने २००६ साली स्वतःच्या अहवालात मान्य केले. रहिवासी न्यायालयात गेले. जानेवारी २००८ मध्ये न्यायाधीश स्टॅनवूड ड्युव्हाल यांनी अभियंता विभागावर कठोर ताशेरे ओढले, आणि १९२८ च्या त्या कलमाकडे बोट दाखवून दावा फेटाळला.